बागेखालचा थर

थरवाचक यंत्र आता चष्म्याच्या डबीएवढं झालं होतं, त्यामुळे शर्वाणी परुळेकर ग्रंथालयाचे जुने नकाशे घरीच, जेवणाच्या टेबलावर तपासायची. कागदाला बोटही न लावता ते यंत्र शाईखालची शाई, खोडलेलं, झाकलेलं, सगळं पडद्यावर आणायचं. "मेलं चहाडखोर आहे," तिचे वडील, अप्पा, म्हणायचे.

आज समोर होता एकोणिसाव्या शतकातल्या सिनसिनाटीचा, म्हणजे तिच्याच अमेरिकेतल्या शहराचा नकाशा. शहर तेव्हा झपाट्याने वाढत होतं आणि चित्रकार महालबाड! प्लॉट खपावेत म्हणून त्याने न बांधलेल्या घरांच्या धुराड्यांतूनही धूर काढला होता. शर्वाणीने हौसेने आपली गल्ली शोधली. तिच्या परसाच्या जागी छानशी बाग रंगवलेली होती.

त्याच परसात उद्या खोदकाम सुरू व्हायचं होतं. जिन्यावरून पडल्यापासून अप्पांना तळमजल्यावर खोली हवीच होती, नाहीतर वृद्धाश्रम.

अप्पा दूधभाताची वाटी घेऊन मागच्या दाराकडे निघाले. कोकणातला माणूस; जागेवाल्याला, जागा राखणाऱ्या देवाला, घास ठेवल्याशिवाय जेवायचा नाही.

"अमेरिकेत कसला आलाय जागेवाला, अप्पा? आणि दूधभात? गावच्याला तर कोंबडा लागायचा!"

"इथेही आधी कोंबडीची तिखट सागुती ठेवली. तशीच राहिली. दूधभात ठेवला, तर वाटी चाटूनपुसून लख्ख."

"मांजर असेल."

"असेल बापडं."

हसतच तिने यंत्र बागेवर धरलं. पडद्यावरचा हिरवा रंग विरला. खाली पांढरा जाड लेप, त्याखाली ओळीने चौकोन, इवले इवले, प्रत्येकावर क्रूस. कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कॉलऱ्याने गेलेली मुलं. प्लॉट विकायला कुणीतरी पोरांच्या थडग्यांवर बाग रंगवली होती!

पण आता कुणाला कळणार होतं? बोललं तर खोदकाम बंद, अप्पांची खोली गेली. यंत्राच्या नोंदीतून हा थर पुसायला एक बटण पुरे होतं. तिचं बोट त्यावर थबकलं.

"काय गो, अशी पांढरीफटक का पडलीस?"

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. अप्पांनी वाकून ते चौकोन बघितले, मग काठी टेकत खुर्चीत बसले.

"खोदणाऱ्यांना नको म्हणून कळव. मी जिना चढेन, नाहीतर जाईन त्या आश्रमात."

हातातल्या वाटीकडे बघत ते हळूच म्हणाले, "मी आपला रोज एकच वाटी ठेवतोय गो. एवढ्या पोरांना ती पुरली कशी?"