एकसष्ट तास बारा मिनिटं

“गेले! एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस प्राणी गेले!” तात्याने कपाळावर हात मारला. “आता बसा बोंबलत!”

“ओरडू नकोस,” घुबड दबक्या आवाजात म्हणाली. “ताई पलीकडच्या खोलीत बॅग भरतेय.”

तात्या बारा वर्षांचा होता. पण बोलायचा साठीच्या माणसासारखा, म्हणून तात्या. त्याची धाकटी बहीण दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही, म्हणून ती भिंगरी. आणि शेजारच्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीचा चष्मा मोठा होता आणि एखादी गोष्ट पटेपर्यंत ती त्या गोष्टीकडे टक लावून बघत राहायची. घुबड हे नाव तिला स्वतःलाच आवडलं होतं.

आत्ता ती हातातल्या गेम कन्सोलकडे टक लावून बघत होती. खेळ ‘रानबेट’. बेटावर भटकायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि झुंजवायचं. तिच्या प्राण्यांत एक विजगोगा होता, म्हणजे शिंगांतून वीज फेकणारी गोगलगाय. नाव मखमल. मखमल घुबडच्या ताईची होती. ताईने तिला तीन वर्षं वाढवलं होतं आणि शेवटच्या झुंजीसाठी घुबडला उसनी दिली होती. “वसतिगृहात जायच्या आधी परत हवी हं!” ताईने बजावलं होतं, आणि घुबडने शब्द दिला होता.

बुधवारी ती मखमल परत देणार, तोच कन्सोलचं डावीकडचं बटण रुतून बसलं. कन्सोल दुरुस्तीला गेला आणि आज शुक्रवारी अकरा वाजता परत आला. बटण झकास चालत होतं. पण पडद्यावर होते फक्त सहा अनोळखी प्राणी! आणि ताई उद्या सकाळी सातला निघणार होती.

“दुकानात कुणीतरी तुझा खेळ पुसला आणि नवा सुरू केला,” भिंगरी म्हणाली.

“कन्सोल दुकानात किती तास होता?” घुबडने विचारलं.

“बुधवारी अकरा ते आज अकरा. अठ्ठेचाळीस.”

“मग हे वाच.” तिने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. *खेळलेला वेळ: ६१ तास १२ मिनिटं.*

भिंगरीने दोनदा वाचलं. “अठ्ठेचाळीस तासांत एकसष्ट तास कसं खेळणार?”

“नाहीच खेळता येणार! म्हणजे माझा खेळ पुसलेला नाही. कन्सोलमध्ये घातलेली ही खेळाची कॅसेटच दुसऱ्या कुणाची तरी आहे. आणि माझी कुठेतरी आहे!”

तिघं थेट दुरुस्तीच्या दुकानात धडकली. दुरुस्तीवाले काका डोळ्याला भिंग लावून सोल्डरिंग करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“अदलाबदल? माझ्याकडे? अगं, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी पेटी. पेटीवर आकड्याची चिठ्ठी. बघ!”

भिंतीवर खरंच पेट्यांची रांग होती, प्रत्येकीवर चिठ्ठी. पण घुबडची नजर खाली गेली. टेबलाच्या टोकाला, सोल्डरिंगपासून लांब, एक ॲल्युमिनियमची ताटली होती. तीत सात कॅसेट एकमेकींवर पडल्या होत्या. त्यांवर चिठ्ठी नव्हती.

“काका, या इथे का?”

“गरम होऊ नयेत म्हणून. कन्सोल उघडण्याआधी मी कॅसेट काढतोच. काम झालं की ज्याची त्याला.”

“पण दोघांचा खेळ एकच असला तर?”

“मी यंत्रं बघतो, खेळ नाही!” काका वैतागले. “कधीकधी बिघडतात असे खेळ. सकाळी एकाची तीच तक्रार, आता तुझी. त्यालाही सांगितलं तेच तुला सांगतो: पुसून टाक आणि नव्याने सुरू कर!”

“तो कोण होता?” तिघं एकदमच ओरडली.

“दिवसाला वीस माणसं येतात. मला काय ठाऊक? चला, पळा!”

पायरीवर येताच तात्या मटकन बसला. “मेलो. तो माणूस आपला खेळ पुसणार!”

“अजून पुसला नसेल तर?” घुबड त्याच्याशेजारी बसली आणि तिने कन्सोल उघडला. “मालकाचं नाव नाही, नुसती रेघ आहे. प्राण्यांची नावं वाच.”

“कंगवा. वस्तरा. फेस. पावडर...”

“सलून!” भिंगरीने उडीच मारली. “परवाच माझे केस कापले! हे सगळं तिथल्या फळीवर असतं!”

“सलूनमध्ये मोठी माणसं काम करतात. मोठी माणसं असले खेळ खेळत नाहीत,” तात्याने निकाल दिला.

“हे तुला कुणी सांगितलं?” घुबड खेळाची रोजनिशी उघडत म्हणाली. खेळ कुठल्या वारी, किती वाजता थांबवला, याच्या शेवटच्या वीस नोंदी तिथे होत्या. वीसच्या वीस दुपारी एक ते दोनच्या मधल्या. सोमवारची एकही नाही.

“सोमवारी तर तिन्ही सलून बंद असतात,” तात्या पुटपुटला. मग ताडकन उठला. “पण जेवायला एक ते दोन शटर खाली ओढणारे एकच! कोपऱ्यावरचे सलूनवाले मामा!”

“किती वाजले?”

“एकला पाच कमी!”

तिघं धावत सुटली. भिंगरी सगळ्यांत पुढे, तात्याची चप्पल वाटेतच सुटली. कोपऱ्यावरचं शटर अर्ध्यावर आलेलं होतं आणि आतून ‘रानबेट’ची धून ऐकू येत होती!

तिघं वाकून आत घुसली. भल्यामोठ्या मिशांचे मामा गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीत बसले होते. हातात कन्सोल, बटणावर अंगठा. पडद्यावर अक्षरं होती: *जुना खेळ कायमचा पुसायचा? हो / नाही.*

“मामा, थांबा! दाबू नका!” घुबड किंचाळली.

मामा दचकले. खुर्ची गर्रकन फिरली. पण अंगठा हवेतच राहिला. “दुकान बंद आहे! दोनला या!”

“केस कापायचे नाहीत. तो खेळ माझा आहे! आणि तुमचा माझ्याकडे आहे.”

“हा बिघडलाय. दुरुस्तीवाल्याने पुसायला सांगितलंय.” मामांनी डोळे बारीक केले. “आणि तुझाच कशावरून? पोरं फार हुशार झालीत हल्ली.”

घुबडने एक क्षण विचार केला आणि भिंतीकडे तोंड केलं. “भिंगरी, माझे डोळे झाक. मामा, ‘नाही’ दाबा आणि खेळातली प्राण्यांची दुसरी पेटी उघडा. तिसरी ओळ, डावीकडून पहिला प्राणी. मी न बघता सांगते. विजगोगा. नाव मखमल. पातळी अठ्ठ्याऐंशी. मूळ मालक क्रमांक तीस हजार चारशे सतरा.”

बटणांचा टिकटिक आवाज आला.

“...चारशे सतरा,” मामांनी सावकाश वाचलं. त्यांनी कन्सोल फळीवर अलगद ठेवला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “आणि माझा वस्तरा? तुम्ही पुसलं तर नाही ना?”

“ठणठणीत आहे! दुसऱ्याचे एकसष्ट तास कसे पुसणार?”

मामांनी पाणी पिऊन घेतलं आणि शटर पुरतं उघडलं. “चला. त्या शहाण्याला भेटू.”

दुरुस्तीवाल्या काकांनी दोन्ही कॅसेट बघितल्या, खेळलेला वेळ वाचून पाहिला, आणि भिंग काढून ठेवलं.

“अरे, तुझ्या सांगण्यावरून मी या पोरीची मेहनत पुसणार होतो!” मामा गरजले. “आणि हिने ऐकलं असतं, तर माझीही गेली असती!”



“कॅसेट बाजूला काढता ते बरोबरच आहे,” घुबड काकांना म्हणाली. “फक्त पेटीवर जो आकडा, तोच कॅसेटवर चिकटवा.”

काकांनी तत्काळ चिकटपट्टी घेतली, ताटलीकडे हात नेला आणि तिथेच थबकले. “पण... या सातांपैकी कुठली कुणाची?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तात्याने बाही सरसावली. “भिंगरी, फोनची वही घे! काका, एकेक कॅसेट लावून नावं वाचा!”

चारपर्यंत सातही मालक सापडले.

“पंचवीस वर्षं झाली या धंद्याला,” काका म्हणाले, “पण असं तपासून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. शाबास, पोरांनो!”

“शाबास काय नुसती? सलाम कर!” मामा म्हणाले आणि स्वतःच सलाम ठोकून दुकानाकडे वळले. तिथे दोन गिऱ्हाइकं दाढी वाढवून त्यांची वाट बघत होती.

संध्याकाळी घुबडचे बाबा दाढी करून घरी आले तेव्हा मामांनी त्यांना सगळी हकिकत ऐकवली होती, आणि बाबांनी ती ताईला ऐकवली. घुबडने दोन्ही कन्सोल तारेने जोडले. मखमल शिंगं हलवत एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेली.

“अठ्ठ्याऐंशी?” ताई चकित झाली. “मी दिली तेव्हा एक्याऐंशी होती!” मग तिने मान वर केली. “मला सकाळीच का नाही सांगितलंस गं?”

“सकाळी ती हरवलीय, हे सिद्ध कुठे झालं होतं?”

ताई हसली. घुबडने तार काढायला हात पुढे केला.

“थांब, काढू नकोस,” ताई म्हणाली आणि आपले प्राणी एकेक करून बघू लागली. “तुला अजून एक देते. हा मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत ठेव.”