वाकड्या करंगळीचा ठसा

बिबट्याची भीती तुम्हाला, आणि गोष्ट सांगायची मी. हा कुठला न्याय? मोटरीची थ्री फेज लाईट बारा वाजता येणार. मोटर चालू केली की मी घरी जाणार. तोवर गप बसलं तर काय दात पडतात तुमचे? पण नाय. रोज रातीला तेच. हौशीरामबाबा, भुताचं सांगा. भूत काय माझ्या पाहुण्यातलं आहे?

बरं, सांगतो. पण घडलेलं सांगतो, आणि एकदाच. पप्पू, ती शेकोटी सार पुढं. आणि समर्थ, तू मंचरहून चार दिवस सुट्टीला आलायस, तर तो मोबाईल खिशात घाल. माणसाचं नाव मी आधी सांगणार नाय. साहेब म्हणेन. नाव ऐकलं की कुणाला तरी भाकर गोड लागायची नाय.

मी नारायणगावात बाजाराच्या मागं एका इमारतीवर वॉचमन होतो. खाली खताचं दुकान, वर जुन्या रजिस्टरांचं ऑफिस. गावोगावच्या शाळांची, जन्म-मृत्यूची शंभर-शंभर वर्षांची रजिस्टरं लाल फडक्यात बांधून यायची. ती एकेक पान मशिनीवर ठेवून कंप्युटरात घ्यायची, आणि मग आत काय लिहिलंय ते टाईप करायचं. प्रत्येक पानाखाली दोन रकाने. एक नोंदणारा, एक तपासणारा. दोन्ही नावं भरल्याशिवाय पान पक्कं होत नाय. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण एवढं मला जिन्यावर बसून कळलं.

नोंदायला पिंपळवंडीची ज्योत्स्ना होती. तपासायला साहेब. आता साहेबाचं तपासणं म्हणजे चहा पिणं. दोन्ही कामं पोरगीच करायची.

पण तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत. ऑफिसची वेबसाईट होती. लोकांनी आपल्या आज्याचा दाखला शोधावा म्हणून काढलेली. हिनं काय केलं, तिच्या पहिल्या पानावर चित्र टाकायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि दुसऱ्या हातानं चित्र. संक्रांतीला वेगळं, द्राक्षाची छाटणी आली की वेगळं, ऊसतोडीला उसात बसलेला बिबट्या, टोमॅटो निघाले की कॅरेटांची उतरंड. लोक दाखला राहू दे, चित्र बदललं का ते बघायला वेबसाईट उघडायचे. टोमॅटोवाले तर मला खाली विचारायचे, "बाबा, नवीन कधी?"

मी पण बघायचो. सकाळी झाडू मारून झाला की ती म्हणायची, "बाबा, या, आज बदललंय." एका पोळ्याला मी म्हणलं, माझा पवळ्या काढ की, एक शिंग मोडकं आहे त्याचं. काढला. मोडक्या शिंगासकट. सगळ्या तालुक्यानं माझा बैल बघितला.

चित्राखाली नाव टाकायची नाय ती. एका कोपऱ्यात गेरूचा ठसा काढायची, आपण पोळ्याला बैलाच्या पाठीवर मारतो तसा. डाव्या हाताचा, करंगळी वाकडी. तिची स्वतःची करंगळी तशीच होती. लहानपणी ट्रॉलीच्या फाळक्यात सापडलेली.

तेवीस सालच्या पोळ्याच्या आठवड्यात तिला ताप भरला. डोळे लाल, बसवेना. माझ्यासमोर म्हणाली, "सर, आज जाऊ का? लई दुखतंय." साहेब म्हणाला, "चारशे पानं राहिलीत. पोळ्याचं चित्र राहिलंय. तेवढं कर, मग आठवडाभर झोप."

पोरगी दोन दिवस तशीच बसली. तिसऱ्या दिवशी मी तिला जीपमध्ये बसवून दिली. डेंगी निघाला. पोळ्याच्या सकाळी गेली. चित्र अर्धंच राहिलं.

पुढचं ऐका. दिवाळीनंतर साहेबानं सगळ्या चित्रांवरचा ठसा पुसला आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. हजारो पानांवर नोंदणारा म्हणून पण तोच. मग मंचरला त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. भाषणात म्हणाला, रातीचा दिवस करून ही चित्रं काढली. मी मागं उभा होतो. मला खुर्च्या उचलायला नेलेलं.

काय रे समर्थ, हसत होतास ना मघाशी? गप का झालास?

ज्योत्स्नाची आई बनाबाई एकदा ऑफिसात आली. काय मागितलं तिनं? "लेकीची चितरं कागदावर काढून द्या साहेब, भिंतीला लावते." साहेब म्हणाला, "मावशी, तुमची पोरगी फक्त टाईप करायची. चित्रं माझी आहेत." बाई जिना उतरली ती भिंत धरून. शेवटच्या पायरीवर मला विचारलं, "खरं का हो दादा?" मी मान हलवली. नाय म्हणून. पण वर जाऊन बोललो नाय. नोकरी होती. ते माझं पाप, ते मी लपवत नाय.

आता आली ती रात. नीट सांगतो, उद्या कुणी खोटं म्हणायला नको. एक ऑक्टोबर, चोवीस साल, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, आणि आपला भादवी पोळा पण त्याच दिवशी. अमावस्या रातीच लागलेली.

साहेब पावणेअकराला आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. "बाबा, वरचं कुलूप काढा. चित्र टाकायचंय, सकाळी लोक बघणार."

मला कळलं. ह्याला कुठं चित्र काढता येतंय? पोरीचं अर्धं राहिलेलं पुरं करायचं आणि स्वतःचं म्हणून टाकायचं. कुलूप काढून दिलं. खाली येऊन खुर्चीवर बसलो. शटर बंद. रस्ता मोकळा. कुत्रं पण नाय.

साडेअकरा झाले असतील.

वर घुंगरमाळ वाजली.

बैलाच्या गळ्यातली. आम्हाला काय ओळखू येत नाय? एकदा वाजली. मग चालत वाजली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. सावकाश. पहिल्या मजल्यावर... बैल?

मी हाक मारली, "साहेब?"

घुंगरमाळ थांबली.

मी उठलो नाय. खोटं का सांगू.

मग लाईट गेली. वरची तेवढीच. खाली माझा बल्ब चालू... वर अंधार. त्या अंधारात कंप्युटरची बटणं वाजत होती. टक, टक, टक. ज्योत्स्ना टाईप करायची तशी. न थांबता.

साहेब दोन बोटांनी टाईप करायचा.

मग साहेब जिन्यात आला. आला काय, घसरला. मी धरला. अंग गार. पाणी पाजलं. मग थांबत थांबत बोलला ते असं. बैलाला रंग भरला की परत पांढरा व्हायचा. खाली स्वतःचं नाव टाकलं की पुसायचं. मग पानं आपोआप उघडायला लागली. शेकड्यानं. प्रत्येकाखाली, नोंदणारा, ज्योत्स्ना. नोंदणारा, ज्योत्स्ना. शेवटी एक पान थांबलं. मृत्यूचं रजिस्टर. शंभर वर्षांपूर्वीचं पान, आणि सगळ्यात खाली नवी ओळ उमटत होती. एकेक अक्षर.

"कुणाचं नाव?" मी विचारलं.

"माझं."

"तारीख?"

"भादवी अमावस्या... साल लिहिलं नव्हतं. तपासणाऱ्याचा रकाना रिकामा..." मग हात पाठीकडं नेत म्हणाला, "बाबा, कुणीतरी मागनं थोपटलं."

मी त्याला फिरवला. पांढऱ्या शर्टावर, बरोबर पाठीच्या मध्यावर, गेरूचा ठसा. ओला. छोटा हात. डावा.

सकाळी वेबसाईट उघडली तर पोळ्याचं चित्र पुरं. साहेबाचं नाव कुठंच नाय, आणि जुन्या प्रत्येक चित्रात ठसा परत जागेवर. आठवड्याच्या आत साहेब पिंपळवंडीला गेला, बनाबाईच्या उंबऱ्यावर नाक घासलं. ती म्हणाली, "मी कोण माफ करणार? जिचं व्हतं तिला इचार."

आणि इमारतीच्या मालकाला काय सांगितलं त्यानं? वॉचमन दारू पिऊन वर आला, त्यानंच कंप्युटरशी खेळ केला. मला, माळकरी माणसाला, दारुड्या ठरवून काढलं. म्हणून मी ह्या वयात तुमच्या मोटरी राखतोय.

...काय म्हणालास समर्थ? मोठ्यानं बोल.

"बाबा, करंगळी... कुठल्या बाजूला वाकडी होती?"

"बाहेरच्या."

पोरगं शेकोटीकडंच बघत होतं. मग म्हणालं, "ह्या पोळ्याला मी मामाकडं व्हतो. मामी मोरीत शर्ट घासत व्हती. नवा, त्याच दिवशी घातलेला. पाठीवरचा गेरूचा ठसा निघतच नव्हता, करंगळी तशीच बाहेर वाकडी. शेवटी जाळला. मामा दिवसभर घराबाहेर गेलाच नव्हता, बाबा. बैल तर त्यांच्याकडं नाय."

पप्पू सरकून माझ्याजवळ बसला.

आली बघ लाईट. मोटर मी टाकतो, तू बस. आणि मंचरला गेलास की तुझ्या आईच्या त्या भावाला सांग, पोरीचं तू आणि ती बघून घ्या. पण हौशीराम अजून जिवंत आहे, आणि तो अजून आपल्या उंबऱ्यावर तुझी वाट बघतोय, नवनाथ.