जळकोटच्या काट्याची मंजुरी

लातूर ते जळकोट रस्त्यावरचा एकेक खड्डा मल्लिनाथच्या मणक्यांना तोंडपाठ होता. गावोगावचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात पंचवीस वर्षं गेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं दम भरला, "एसटी बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल." म्हणून ही शेवटची खेप. जळकोटच्या ट्रक-ट्रॅक्टर तोलणाऱ्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर लातूरच्या घरातून चालवता येईल अशी जोडणी करायची, की सुटलो!

काट्याचे मालक शिवमूर्ती अप्पा. त्यांचा जुना ऑपरेटर बसलिंगप्पा दहा दिवसांमागं खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होता. आता त्या खुर्चीत रविकिरण बसायचा.

मल्लिनाथनं जोडणीला तीन कुलपं घातली. बाहेरच्याला दिसणार नाही असा खाजगी मार्ग. वीतभर लांब पासवर्ड. आणि तिसरं सगळ्यात पक्कं : लातूरहून हाक गेली की जळकोटच्या पडद्यावर चौकट उघडणार, तिथं बसलेल्या माणसानं 'मंजूर' दाबलं तरच आत शिरता येणार.

"अप्पा, मंजुरी देणाऱ्यांत बसलिंगप्पाचं नाव हाय अजून. काढतो."

"राहू द्या हो!" अप्पा कळवळले. "दहाच दिवस झाले अन् नाव पुसायलात? महिना भरू द्या. तवर तो काय येतो व्हय बटन दाबायला?"

माणूस गेला की त्याच दिवशी नाव काढायचं, हा धंद्याचा नियम. पण कंबर ठणकत होती, एसटी हॉर्न देत होती. मल्लिनाथ म्हणाला, बरं.

दोन दिवसांनी अमावास्या. अमावास्येला काटा बंद असतो. भर दुपारी बारा वाजता मल्लिनाथ पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडला होता, पोटावर लॅपटॉप. घरात कूलरची घरघर, बाहेर चिटपाखरू नाही. त्याला एवढंच बघायचं होतं, की खुर्चीत कुणी नसताना आपलं तिसरं कुलूप टिकतं का. टिकलं तर काम फत्ते.

त्यानं हाक दिली. एक श्वास गेला असेल.

मंजूर.

त्यानं रविकिरणला फोन लावला. "काय रे, सुट्टीच्या दिवशी काट्यावर?"

"न्हाई सर, मी मुदखेडला, सासुरवाडीत हाय. किल्ली खिशातच हाय. का हो?"

"काही न्हाई... जेव तू."

तेवढ्यात लाईट गेली. कूलर गप्प झाला. त्या शांततेत खोलीभर जळकोटच्या काट्यावर असतो तसा तुरीच्या भुशाचा वास पसरला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या संदेशाच्या चौकटीत अक्षरं उमटू लागली. एका बोटानं टाईप करणाऱ्याची असतात तशी, थांबत थांबत.

*सर... लई खेपा केल्या तुम्ही.*

मल्लिनाथला उठायचं होतं. कंबर हलेना.

*तुम्ही आराम करा. आता मीच येतो.*

मग अक्षरं थांबली. पडद्यावर काट्याच्या वजनाचा आकडा शून्यावर होता. त्या काट्याची रचनाच अशी, की ऑफिसातून सडकेवर यायचं तर लोखंडी पाट्यावरूनच चालत यावं लागतं. मल्लिनाथ आकड्याकडं बघत राहिला. शून्य... शून्य...

साठ किलो.

ट्रक साठ किलोचा नसतो. ट्रॅक्टरही नसतो.

त्यानं जोडणी तोडली. वाय-फाय तर लाईटीबरोबरच मेलं होतं, हे त्याला आत्ता उमगलं. त्यानं लॅपटॉपचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

पडदा काळा झाला. आकडा तेवढा विझला नाही. बराच वेळ साठच राहिला, कुणी पाट्याच्या कडेला उभं राहून दोन्हीकडं सडक न्याहाळावी तसा.

आणि मग शून्य झाला.