घरी चला

पदराआड नारळ घेऊन भामा जिना उतरली, तेव्हा नुकतं मावळत होतं. रोडपालीची ती नवी इमारत अजून रिकामीच होती. बिल्डरला शेत दिलं, बदल्यात नवव्या मजल्यावर घर मिळालं. शेजार मात्र मिळाला नाही.

गॅलरीला कठडा बसायच्या आधीच महादेव, तिचा नवरा, आपलं शेत कुठवर होतं ते बघायला वाकला आणि त्याचा तोल गेला. बांबूच्या परांचीवर आपटून वाळूच्या ढिगात पडला. साधं हाडही मोडलं नाही. नशीबवान, लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला? तेव्हापासून महादेव खाटेची कड घट्ट धरून असे. अन्नाला शिवत नसे. एवढंच म्हणे, "मी पडतोय अजून, भामा. जमीन येतच नाय."

आपट्याहून तिचा भाऊ बुधाजी येऊन सांगून गेला होता. धसक्यानं माणसाचा जीव पडल्या जागी राहतो. तिथं नारळ ठेवायचा, नावानं हाक मारायची आणि मागं न बघता घरी यायचं.
"तूच जा. घरच्या बाईची हाक लागते," तो म्हणाला होता.

वाळू अजून तशीच होती. इमारत बांधताना एक परमुलखातला मजूर तिथंच पडून मेला होता. त्याचं नाव कुणी विचारलंही नव्हतं.

भामानं नारळ ठेवला. नाव ओठांशी आलं आणि अडलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याला नावानं हाक कधी मारली होती? आता म्हातारपणी कसली मारते. ती हळूच म्हणाली, "अवो... घरी चला."

जिन्यात ओल्या सिमेंटचा वास कोंडला होता. मागून अनवाणी पावलं वाजू लागली. ती वळली नाही. खरं तर किती दिवसांनी तिला सोबत वाटली.

घरात महादेव उठून बसला होता. त्यानं भात मागितला. भामाला रडूच फुटलं. तिनं ताट वाढलं. तो मान खाली घालून भराभरा जेवू लागला. डाव्या हातानं.

तेवढ्यात गॅलरीकडून आवाज आला. कठड्याच्या बाहेरून, नुसत्या हवेतून.
"भामा... जमीन येतच नाय..."

ती कठड्याशी धावली आणि सगळी लाज सोडून, जन्मात पहिल्यांदा, तिनं हाक मारली.
"महादेव..."

जेवणाऱ्यानं मान वर केली नाही. बाहेर अंधारात, आणखी खालून, कुणीतरी ओ दिली.