कापलेला खोकला

लाजऱ्या पक्ष्यांची मोजणी करायची, तर आधी त्यांना हाक मारावी लागते. टिपून ठेवलेली साद स्पीकरवरून वाजवायची आणि लव्हाळ्यातून उत्तर आलं, की पक्षी आहे असं मानायचं. ताई त्याच कामासाठी संध्याकाळी दलदलीवर निघाली. तिची संस्था वन्यजीव वाचवणारी, पण संस्थेच्याच साहेबांनी ही दलदल बांधकामाला देऊन बदल्यात नवं ऑफिस पदरात पाडून घ्यायचं ठरवलं होतं. एक उत्तर मिळालं, तरी सगळा बेत बारगळणार होता.

"कशाला चिखल तुडवताय, ताई? तिथे कोणी उरलेलं नाही," साहेब म्हणाले.

साद तिच्या दादाने टिपलेली होती. तो याच चिखलात रुतून गेला. तेव्हा सोबत फक्त साहेब होते. मदत आणायला धावलो, असं ते सांगतात. सादेच्या शेवटी दादाचा खोकला होता, कोरडा, दोनदा. जुनीच साद उत्तर म्हणून खपवली असं कोणी म्हणू नये, म्हणून ताईने त्याच सकाळी काळजावर दगड ठेवून तो कापून टाकला होता.

उत्तर टिपायला रेकॉर्डर सुरू करून तिने साद वाजवली. कुजलेल्या गवताचा वास दाटला. बेडूक एकाएकी गप्प झाले... आणि लव्हाळ्यातून उत्तर आलं! ताईला रडूच फुटलं.

मग तिथेच कोणीतरी खोकलं. दोनदा.

"दादा...?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं. "ही तर जुनीच साद. त्याचा खोकला आहे की शेवटी."

"तो मी कापलाय, साहेब. वाजवलेली साद ही घ्या, ऐका."

साहेबांनी ऐकली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी तिच्यादेखत दोन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली.

दलदल बुजली. त्यावर ऑफिस उभं राहिलं आणि दारावर त्याच पक्ष्याचं चित्र लागलं. निर्लज्जपणाची कमाल! ताईने नोकरी सोडली नाही. दादा इथे होता, ती कुठे जाणार?

आता दिवस मावळताना फरशीखालून साद येते. पाइप वाजतो, म्हणतात सगळे. खोकला मात्र खालून येत नाही.

तो साहेबांना येतो. कोरडा, दोनदा. मग ते घाईघाईने रुमाल खिशात कोंबतात. पण काल तो खाली पडला आणि ताईने उचलून दिला. त्यावर ओला, काळा चिखल होता.