दुपारचं दळण

ही गोष्ट माझ्या मावशीच्या घरात घडली. मी पदरचं काही घातलेलं नाही. तिनं सांगितलं ते, आणि शेवटचं थोडं माझ्या कानांनी ऐकलं ते.

गाव पेणकरपाडा. साल एकोणीसशे अडतीस. महिना चैत्र.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

चांगुणामावशी आणि तिचा नवरा बाळाराम यांनी घराचं काम काढलं होतं. कुडाच्या भिंती पाडून विटांच्या, वर मंगलोरी कौलं. पावसाच्या आत छप्पर चढायला हवं होतं. मावशीची चूल उघड्यावर आली. भातात धूळ, पाण्यात धूळ, अंथरुणात धूळ. उत्तनचा लुईस गवंडी आज यायचा, मग त्याचा पत्ता नसायचा. मावशीला झोप लागेना. नवऱ्याशी धड बोलणं होईना.

त्या घरात आणखी एक बाई राहायची. गोदूबाई. मावशीची थोरली जाऊ, विधवा. पडवीतला एक कोपरा तिचा, आणि कोपऱ्यात तिचं जातं. पाड्याचं दळण दळून ती पोट भरायची. पहाटे ती दळायला बसली की घरातल्या एकेकाचं नाव ओवीत गुंफायची. दिराचंसुद्धा.

काम निघालं तेव्हा बाळाराम तिला म्हणाला, "वयनी, धूळ उडंल. तुला दमा हाय. वरसाव्याला भावाकडं ऱ्हा. काम झालं का गाडी पाठवतो."

"माझा कोपरा ठेवशील ना रे?"

"तो कुठं पळून जातोय?"

गोदूबाई हसली. बोचकं मांडीवर घेऊन गाडीत बसली.

ती गेली आणि पडवी पाडली. नव्या घरात बैठकीची खोली मोठी झाली.

कोपरा राहिला नाही.

जात्याचे दोन्ही दगड बाळारामनं दारापुढे पालथे बसवून घेतले. छान पायरी झाली.

"माझ्या हळदीला याच जात्याची पूजा केली होती," मावशी म्हणाली. "आता त्याच्यावर चपला?"

"गिरणीचं पीठ आणू गो. जातं पुजायचं का घर बांधायचं?"

मावशी चुलीकडे वळली. कामाच्या दिवसांत ती बऱ्याच गोष्टी सोडून देत होती.

पुढच्याच दुपारी... आवाज आला.

घर्र... घर्र... घर्र...

मावशी भांडी घासत होती. तिचे हात थांबले. कुणाचं दळण असेल? पण दुपारी कुणी दळत नाही. दळण पहाटेचं.

तिनं शेजारच्या जिजाबाईला विचारलं. "घर काढलं का डोकं फिरतंच गो," ती म्हणाली. "कानात कापूस घाल, नि जरा पड."

मावशीनं कापूस घातला.

आवाज कापसातूनही आला.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत गेली, तर भिंतीचा ताजा गिलावा उतरला होता. विटा उघड्या. खाली पांढरी भुकटी...

पसरलेली नव्हती. गोल पडली होती. जात्याभोवती पीठ पडतं तशी.

दुसऱ्या दिवशी लुईस आला. चिमूट उचलून बोटांत चोळली.

"बाळाराम, तू वाळू खारी आणलीस."

"वाळू तूच निवडलीस ना रे?"

"मंग तुझ्या बायकोला विचार. गिलावा सुटला तर पापुद्रं पडतात. ह्ये कुणी दळून, चाळून ठेवलंय."

लुईसनं पुन्हा गिलावा केला. पुन्हा दुपारी घर्र घर्र झाली. पुन्हा पांढरं कडं पडलं. तिसऱ्यांदा लुईसनं आपली थापी उचलली, छातीवर क्रूस काढला आणि कुणाशी न बोलता उत्तनची वाट धरली.

त्या दुपारी मावशीनं कान देऊन ऐकलं. काहीतरी चुकत होतं. काहीतरी कमी होतं...

ओवी.

जातं फिरत होतं, पण गळा नव्हता.

गोदूबाई ओवीशिवाय कधी दळत नसे. नवऱ्याला न सांगता तिनं दुसऱ्या पहाटे वरसाव्याची गाडी धरली.

गोदूबाईचा भाऊ दारातच बसला होता. त्यानं मावशीला या म्हटलं नाही.

"आता आलीस?"

"वयनी कुठं हाय?"

"ती गेली. रोज बोचकं बांधून या उंबऱ्यावर बसायची. गाडी वाजली का उठायची. तिची न्हाय असं कळलं का परत बसायची. मग एक दिवस उठलीच न्हाय."

"आम्हाला सांगावा..."

"धाडला होता. बाळाराम बोलला, घराचं काम चालू हाय, यायला जमणार न्हाय."

नवऱ्यानं तिला काही कळू दिलं नव्हतं.

"कोपरा मोडला, हे तिला कळलं होतं," भाऊ म्हणाला. "मरताना एकच बोलली. बघते मी, घर कसं पुरं होतंय."

मावशी उलट पावली निघाली. पाड्याच्या वेशीवर पोचली तेव्हा दुपार डोक्यावर होती. वारा पडलेला. कुत्रं नाही, कावळा नाही.

घर्र... घर्र... घर्र...

आणि या वेळी गळा होता.

*दळते मी दळण माझ्या दिराच्या घराचं*
*बारीक पडू दे पीठ त्याच्या भिंतीचं, दाराचं*

मावशी धावली. अंगणात पाय ठेवला आणि आवाज बंद.

बाळाराम पायरीवर बसला होता. चौकटीला टेकून. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तोंड उघडं होतं.

ओठांपर्यंत भुकटीनं भरलेलं.

त्याची उजवी मूठ वळलेली होती, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. मावशीनं ती उघडली. तळव्याला फोड आले होते. जात्याची सवय नसलेल्या माणसाला येतात तसे.

तेराव्यानंतर मावशीनं पायरी उखडली. खोलीच्या कोपऱ्यात जातं मांडलं, हळद-कुंकू वाहिलं. भिंतींना पुन्हा गिलावा केला नाही. मरेपर्यंत ती त्या उघड्या विटांत राहिली, आणि रोज दुपारी दळायला बसली.

"मी बसले नाही, तर ती भिंतींना हात घालते," म्हणायची.

मी तिला दळताना पाहिलंय. जातं जड होतं, आणि मावशीच्या अंगात काही उरलं नव्हतं. तरी खुंटा अलगद फिरायचा. समोर दुसरं कुणी ओढायला असलं की फिरतो तसा. ती माझं नाव ओवीत घालायची. लाडानं.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात मावशी गेली. घर बंद झालं. पुढच्या चैत्रात मी काही कामानं पाड्याला गेलो आणि त्या बाजूनं वळलो.

घर नव्हतं. वीट नाही, कौलाचा तुकडा नाही. तांबडी-पांढरी भुकटी, मोठं कडं करून पडलेली. मधोमध जातं.

जात्यापाशी कुणी नव्हतं.

घर्र... घर्र...

दोन गळे होते. एक मी ओळखला.

पहिली ओवी बाळारामची झाली. दुसरी माझ्या नावानं सुरू झाली. ती लाडाची होती की कशाची, हे ऐकायला मी थांबलो नाही.

आमचं घर भाईंदरला आहे. पक्कं आहे. तरी रोज दुपारी, बायको झोपली की, मी भिंतींवरून हात फिरवतो.

आणि मग बोटं चोळून बघतो.