थंड खोलीतले ठोके

मामाच्या फुलांच्या गोदामात लपाछपी खेळायची नाही, असं तिघांना बजावलं होतं. म्हणून तिघं नेमकी तिथेच खेळत होती. राज्य भोंग्यावर होतं. भोंगा म्हणजे मामाचा मुलगा, ज्याचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. धाकटी टेबलाखाली लपली होती आणि तिची बारा वर्षांची ताई रिकाम्या क्रेटांमागे, फुलं थंड ठेवायच्या खोलीच्या दाराला चिकटून.

तिथे तिला ठोके ऐकू आले. आतून.

दाराला बाहेरून कुलूप होतं. समोर हत्यारांची पेटी उघडीच होती आणि तिच्यात एक फोन पडला होता. आतून दार उघडायचा खटका महिनाभर मोडलेला होता. आज कुठे तो बसवायला मेकॅनिकदादा आले होते. म्हणजे तेच आत अडकले होते!

ताईने दोघांना बोलावून ठोके ऐकवले. भोंगा धावत गोदामाच्या मॅनेजरकाकांकडे गेला. पण सकाळीच त्याने 'साप, साप' ओरडून सगळे हमाल पळवले होते. काकांनी मान वर न करता त्याला बाहेर घालवलं, पाठोपाठ धाकटीलाही.

मग ताई गेली. ती बोलताना अडखळायची, पण नेहमी नाही. मांजराशी ती घडाघडा बोलायची. धाकटीबरोबर एका सुरात कविता म्हणताना एकदाही अडायची नाही. समोरचा माणूस घड्याळ बघायला लागला की मात्र शब्द घशातच रुतून बसायचा. आणि 'आता अडणार' असं मनात आलं, की ती अडलीच म्हणून समजा.

काका घड्याळच बघत होते.

"मे... मे..."

"मेणबत्ती? वीज कुठे गेलीय?"

"मे-मे..."

"मेजवानी? ते मामा आल्यावर बघू. जा, खेळ."

भोंग्याच्या थापांवर मामाचाही विश्वास नव्हता, म्हणून ताईनेच बाहेर येऊन पेटीतल्या फोनवरून त्याला फोन लावला. फोन तर तिचा जुना वैरी. मामा तीनदा 'हॅलो' म्हणाला, आवाज येत नाही म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्या वेळीही तेच.

ताई भयंकर वैतागली. एरवी ती स्वतःवरच चिडायची. अडखळणं कळू नये म्हणून सोपे शब्द शोधायची, नाहीतर गप्प बसायची. आज लपवत बसायला वेळच नव्हता. आतले ठोके मंदावत चालले होते.

ती पुन्हा काकांकडे गेली. तिने भोंग्याला दारात आडवं उभं केलं, धाकटीला काकांचा पेन उचलायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्या उघड्या वहीवर दोन्ही हात ठेवले.

"काका, मी अ-अडखळते. शब्द सुचवू नका. शेवटपर्यंत ऐका."

काकांनी घड्याळावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. ताईलाच नवल वाटलं. जे लपवायचं ते सांगूनच टाकल्यावर घसा थोडा सैल झाला होता.

"मे-मेकॅनिकदादा थंड खोलीत आहेत. बाहेरून कु-कुलूप लागलंय."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. कुलूप त्यांनीच लावलं होतं, आत न बघता. किल्ल्या घेऊन ते धावत सुटले. दार उघडलं तर दादा गोणपाटं गुंडाळून दाराशीच बसले होते. ओठ निळे, हातात पाना. हमालांनी त्यांना उचलून उन्हात आणलं आणि ब्लँकेटात गुंडाळलं. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मामा आला. आपण कुणाचा फोन ठेवला हे कळल्यावर तो खाली मान घालून बसला. मग त्याने ताईला जवळ घेऊन भरभरून शाबासकी दिली. खटका त्याच दिवशी बसला.

मॅनेजरकाकांनाही राहवेना. "बघा, मनावर घेतलं की येतं की नाही हिला बोलता!"

ताईने कपाळाला हात लावला. "म-मनावर घेऊन नाही, काका. आधी तुम्ही म-मला बोलूच दिलं नाहीत."



मेकॅनिकदादांनी गरम पाण्याचा पेला खाली ठेवला. "सव्वा तास दार ठोकत होतो मी," ते म्हणाले. "एवढ्या माणसांत ऐकलं ते हिनेच."